खालच्या शेताची मोजणी

२ मार्च
वहीबाई, रागावू नकोस. अकरा दिवस तुला हात लावला नाही. ताप होता, आणि लिहिण्यासारखं काही घडतही नव्हतं. आता मोजणीची काळजी लागली, तशी तुझी आठवण झाली. मतलबी म्हण हवं तर.

आमच्या या थंड मुलखात हिवाळा आत्ता कुठे सरला. इतके दिवस जमिनीला चिकटून बसलेला गहू मान वर काढू लागलाय. मोजणी दरवर्षीप्रमाणे माझ्याकडे. डोळे मिटून लाकडी चौकट खांद्यावरून मागे फेकायची, पडेल तिथली रोपं मोजायची. एका शेतात दहा वेळा. डोळे उघडे ठेवले की हात आपसूक चांगल्या जागी फेकतो — स्वतःचाही भरवसा नाही.

वरचं शेत उत्तम. चौकटीत बावन्न, त्रेपन्न रोपं. मुळं पांढरीशुभ्र, फुटवे तीन-तीन. गुडघा मात्र बोंब मारतोय.

४ मार्च
खालचं शेत. इथे हिवाळाभर पाणी साचून होतं. तळाची पानं थंडीने जळालेली, टोकं पिवळी. तरी चौकटीत साठ रोपं! बुडालेल्या शेतात वरच्यापेक्षा जास्त? मला हे आवडलं नाही.

लेकाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, कमी उगवला तरी तुम्हाला घोर, जास्त उगवला तरी घोर. गव्हाने करावं तरी काय?" सून तोंड फिरवून हसली.

हसा.

५ मार्च
पावसाची भुरभुर. शेतात गेलो नाही. वाईट विचार घरबसल्याही येतात.

७ मार्च
लिहूनच टाकतो. गेल्या वर्षी मधल्या शेतात गव्हासारखंच दिसणारं तण माजलं. मला तेव्हाच शंका आली होती, पण आपलं शिक्षण सहावीपर्यंत, उगाच शहाणपणा कशाला, म्हणून गप्प बसलो. मोजणीत सगळं गहू म्हणूनच धरलं. ओंब्या आल्यावर बिंग फुटलं, तोवर तणाचं बी रानभर झडलं होतं. लेक एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पिकांची सल्लागार बाई तेव्हा म्हणाली होती, "बाबा, कान बघायचे." पान जिथे खोडाला बिलगतं तिथे गव्हाला दोन बारीक कान असतात. त्या तणाला नसतात.

उद्या बघतो.

८ मार्च
पोतं अंथरून खालच्या शेतात बसलो. चाळीस रोपं तपासली. तळाचं पान ओढलं की अलगद हातात येतं, ते भिंगाखाली धरायचं. एकतीस रोपांना कान नाहीत! पुन्हा मोजली. एकतीसच.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणते, "अहो, कान तर तुमचेही गेलेत. उद्या तुम्हालाही उपटून टाकायचं का?"

हिला कशाचं गांभीर्य नाही.

९ मार्च
लेकाला बसवून सांगितलं. त्याने मुठीतली रोपं उलटसुलट करून पाहिली. "मला तर सगळं सारखंच हिरवं दिसतं. बाबा, खात्री आहे?"

"चाळिसात एकतीस."

"नांगरून दुसरं काही पेरायचं तर दोनच दिवस हातात आहेत. मग उशीर होईल. बाईंना विचारू या?"

दोनदा फोन लावला. ती कुणाच्या तरी शेतात असणार, उचलला नाही. तिची फेरी बारा तारखेला. मी म्हणालो, "गेल्या वर्षी मी गप्प बसलो. या वर्षी बसणार नाही."

"ठीक आहे. तुम्ही म्हणाल तसं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं म्हणाला. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

१० मार्च
मूठभर रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, बाईला दाखवायला.

११ मार्च, सकाळ
ट्रॅक्टर खालच्या शेतात उतरला. इथे ओट्यावर माझ्या अधू कानांनाही आवाज येतो. शेवटपर्यंत गेला की बारीक होतो, वळला की मोठा. आठ फेऱ्या मोजल्या. झालं ते बरंच झालं. बरंच झालं.

११ मार्च, दुपार
सल्लागार बाई एक दिवस आधीच आली! मी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली रोपं तिच्यापुढे मांडली. जरा ऐटीतच. तिने तळाची पानं बाजूला सारली आणि मधलं कोवळं पान सोललं. दोन कान! दुसरं रोप. दोन कान. सहाव्या रोपाला ती थांबली.

"बाबा, हा गहू आहे. तळाची पानं वाळली की त्यांचे कान गळून जातात. नव्या पानावर बघायचं असतं."

"पण साठ रोपं?"

सून हळूच म्हणाली, "तिथे पाणी साचतं म्हणून यांनी बीच जास्त टाकलं होतं. तुम्हाला सांगायचं राहिलं."

लेक फोन उचलत नाही. ट्रॅक्टरवर कुठे ऐकू येतोय! वाटेत चिखल, बाईची गाडी जाणार नाही. सून चपला फेकून धावत सुटली, बाई तिच्या मागे. मी दोन पावलं गेलो आणि गुडघ्याने दगा दिला. हिने ओट्यावर आणून बसवलं.

लिहिलं नाही तर जीव जाईल.

११ मार्च, थोड्या वेळाने
आवाज थांबला. सून पोचली, की शेत संपलं? इथून बांध तेवढा दिसतो, शेत नाही. पोरी, बांधावरूनच हात हलव, नाहीतर कुणाला पुढे धाड. काहीही असो — पण कळव गं लवकर.