सात फुटांची अद्दल

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून समोरच्या रत्नदीपशी युद्ध. विठ्ठलवाडीला बहिणीकडे गेलेलो, तेवढ्यात त्याने डाव साधला. सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून त्याला शिंगं फुटलीत. माझं मेंदीचं कुंपण कापून गुडघ्याएवढं केलं! कारण काय, तर कोपऱ्यावर वळताना पलीकडची गाडी दिसत नाही. जाब विचारला तर हसून म्हणतो, "तानाजीराव, तीन नोटिसा दिलेल्या." दिल्या असतील. त्याच्या सहीचा कागद मी वाचत नाही.
हसला, हे लक्षात ठेवलंय.

८ फेब्रुवारी, शनिवार
मेंदी कापता येते, वीट कापता येत नाही. पक्की भिंत बांधायची. दोन्ही रस्त्यांच्या बाजूने, सात फूट. रत्नदीपला ओट्यावर बसून माझा बंगला बघत चहा प्यायची सवय आहे. आता वीट बघ म्हणावं.
मंजुळाला विचारलं नाही. बायकांना स्ट्रॅटेजी कळत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
भिंत उभी. डोंबिवलीत अशी दुसरी नसेल. गेटसुद्धा बंद पत्र्याचं करून घेतलं. हॉलमध्ये भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते, पण डोळ्यांना सवय होईल. मंजुळा म्हणाली, "अहो, कोंडल्यासारखं वाटतं." म्हटलं, याला प्रायव्हसी म्हणतात.
रत्नदीप काय करतोय ते बघायला स्टुलावर चढलो. चहाच पीत होता. हात केला त्याने. मी लगेच खाली बसलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार
त्याने पालिकेत तक्रार केली. उत्तम! आता कायद्यानेच चिरडतो. आधी त्याच्या कंपाउंडचं माप घ्यायचं. कुठेतरी इंचभर चुकलेला असणारच.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
माप घेतलं. नियमात आहे. सगळंच नियमात आहे. हे संशयास्पद वाटतं.

१ मार्च, शनिवार
रंगूबाई भाजीवाली आमच्या दारात थांबेना. म्हणते, आत कोणी आहे की नाही ते दिसत नाही, किती हाका मारू? आता ती रत्नदीपच्या गेटपाशी टोपली उतरवते. मंजुळा रोज तिकडे जाते आणि तासभर येत नाही. त्याची बायको दर्शना तिला ओट्यावर बसवून घेते म्हणे.
आधी राग आला. मग लक्षात आलं, आपला माणूस शत्रूच्या गोटात आहे. काय बातमी, विचारलं. म्हणाली, "दर्शनाने अळूवडी दिलीय, खाणार का?"
खाल्ली. तपासासाठी.

५ मार्च, बुधवार
पालिकेच्या इंजिनिअर मायामॅडम टेप घेऊन आल्या. म्हणाल्या, कॉर्नर प्लॉटला कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना दहा मीटरपर्यंत पक्की भिंत पाऊण मीटरच चालते. वर हवी तर आरपार दिसणारी जाळी लावा.
मी शांतपणे म्हणालो, माझा प्लॉट कॉर्नरचा नाहीच. इथे रस्ता वळतो, एवढंच. मॅडम गेटवरच्या पाटीकडे बघत राहिल्या. पाटीवर 'कॉर्नर व्हिला' आहे. मीच पितळेत करून घेतलेली.
म्हटलं, मी कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर होतो, मला धोका लांबून कळतो. त्या म्हणाल्या, "मग भिंत उतरवा, काका." पाडायची नोटीस देऊन गेल्या.
अपील करणार. मुद्दे उद्या काढतो. पाटी आज काढली.

१३ मार्च, गुरुवार, संध्याकाळ
अपिलाचे मुद्दे काढत बसलेलो. बाहेर धाडकन आवाज झाला. वाटलं, कोणीतरी भिंतीला गाडी घासली. "कोण रे तो, भिंतीला हात लावतो?" ओरडतच बाहेर गेलो.
मंजुळा रस्त्यावर पडलेली. कोथिंबीर सगळीकडे. रत्नदीप तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला, त्याची इलेक्ट्रिक स्कूटर आडवी. रिक्षा त्यानेच थांबवली, हॉस्पिटलचा फॉर्मही त्यानेच भरला. मला तिचा ब्लडग्रुप आठवेना.
मनगट मोडलंय. डोक्याला काही नाही.

१४ मार्च, शुक्रवार
रात्री नीट विचार केला. स्कूटर रत्नदीपची होती. धडक रत्नदीपने दिली. सापडला! पोलीस केस करणार. सेक्रेटरीपद जाईल, लायसन्स जाईल, हसू जाईल.

१७ मार्च, सोमवार
मंजुळाला पोलीस स्टेशनला नेलं. मी अर्धा तास जोरदार बोललो. हवालदार म्हणाले, आता बाईंना बोलू द्या.
ती म्हणाली, "साहेब, कोपऱ्यावर वळताना त्यांची गाडी हळूच होती. मला ते दिसले नाहीत, त्यांना मी दिसले नाही. मध्ये आमच्या ह्यांची भिंत आहे. माझी तक्रार नाही."
हवालदारांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.
रिक्षात म्हटलं, तू मला सगळ्यांसमोर पाडलंस. ती म्हणाली, "मी रस्त्यावर पडलेले, तेव्हा तुम्ही भिंतीचं विचारत आलात. ऐकलं मी." मग रिक्षावाल्याला सांगितलं, कळव्याला घ्या. शिवानीकडे उतरली. भिंत आहे तोवर येणार नाही म्हणाली.
येईल दोन दिवसांत. लेकीकडे किती राहणार?

२५ मार्च, मंगळवार
आली नाही. शिवानी फोनवर एवढंच म्हणते, "बाबा, आई बरी आहे." आईला फोन देत नाही.
घरात फार अंधार आहे.

२९ मार्च, शनिवार
भिंत पाडायला घेतली. कोणाच्या दबावाखाली नाही. अपील माझ्याच बाजूने लागलं असतं, पण कायद्याचा आदर म्हणून. माणूस मिळेना, म्हणून मीच घण घेतला. चार घाव घालून बसलो. दम लागला. तेवढ्यात रत्नदीप आला, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि घण मागितला. म्हटलं, हे माझं खासगी काम आहे. तो म्हणाला, "माहितेय. द्या इकडे."
दिला. त्याला राबवून घेणं हाही एक सूडच आहे.
काम चांगलं करतो.

५ एप्रिल, शनिवार
मंजुळा आज आली. भिंत आता मांडीएवढी, वरची जाळी यायचीय. ती गेटपाशी थांबली, माझ्याकडे न बघता भिंतीवर हात ठेवून रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. मग आत आली.
रत्नदीप आणि दर्शना लगेच भेटायला हजर. मंजुळाचा हात गळ्यात, म्हणून चहा मला करावा लागला. तिने हॉलमधून सांगितलं, "रत्नदीपभाऊंना बिनसाखरेचा. त्यांना डायबिटीस आहे."
स्वयंपाकघरात एकटाच होतो. साखरेचा डबा हाताशी. दोन चमचे भरून हात कपावर नेला.
परत डब्यात टाकले.
चहा पिऊन रत्नदीप म्हणाला, "तानाजीराव, चहा छान झालाय. उद्या पुन्हा येतो."