इतवारचा खेळ

८ ऑक्टोबर १९३९, अमरावती

चार महिने वही उघडली नाही. कारण सांगण्याजोगं नाही – कंटाळा, दुसरं काय! क्षमा असावी. आज उघडली, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगू?

पॅरिसहून पत्र आलं! लेर्मिन्ये यांच्या हातचं!

मिशनचे फ्रेंच फादर मला जुनी मासिकं देतात. त्यांतून या माणसाला अकरा वर्षं वाचतो आहे. कुठल्याशा लहान गावच्या वर्तमानपत्रात नाटकांवर लिहीत. मूकपट आले तेव्हा बरोबरीचे हसले; हे अंधारात जाऊन बसले. एका बड्या कंपनीच्या चित्रपटाला वाईट म्हटलं म्हणून नोकरी गेली. मग पॅरिस, मग तीन पुस्तकं. त्यांनी ज्यांवर लिहिलं त्यांतलं एकही चित्र मी पाहिलेलं नाही. तरी शाळा सुटल्यावर मनातल्या मनात बोलतो ते त्यांच्याशीच. सात वर्षांपूर्वी मोरोपंतांच्या साप्ताहिकात बोलपटांवर लिहू लागलो, तेही त्यांच्यामुळे.

जुलैत धीर करून त्यांना कळवलं होतं – फादरांनी फ्रेंच सुधारून दिलं – की आमच्याकडे एक बोलपट आला आहे. आजारी बायको नवऱ्याला ताट वाढते. पुढच्याच क्षणी नवरा एकटा, आणि नुकतंच सारवलेलं अंगण. मरण दाखवलंच नाही!

ते लिहितात : 'आमच्या दिग्दर्शकांना जे उमगलं नाही ते तुमच्याकडे कोणाला तरी उमगलं. माझं चौथं पुस्तक तुमच्या या वर्णनानं संपेल. तुमच्या नावानिशी.'

९ ऑक्टोबर

पत्र कोणाला दाखवावं? सकाळपासून चार नावं मनात आणली. चारही खोडली.

१३ नोव्हेंबर, अकोला

भाऊबीज. जुन्या शहरात गोदाताईकडे. इथे तेच चित्र लागलं आहे! उद्या तिला घेऊन जाणार. बघ म्हणेन, मरण न दाखवता कसं दाखवतात!

१४ नोव्हेंबर

दाखवलं. सगळं दाखवलं. ताटानंतर वैद्य येतो, वीज कडाडते, बायको खाटेवर उठून बसते आणि तीन कडव्यांचं गाणं म्हणते. मग मरते. नवरा हंबरडा फोडतो. मग अंगण.

ताईचा पदर भिजलेला. "बापू, अख्खं थेटर रडून राहिलं होतं, अन् तू मख्खासारखा! तुले काही होते का नाही रे?"

"अमरावतीला हे नव्हतं, ताई."

"नव्हतं? अमरावतीले का बाई मेलीच नाही?"

१९ नोव्हेंबर, अमरावती

टॉकीजचे मॅनेजर खुशालराव यांना गाठलं. ते पान लावत होते. लपवाछपवी नाही, काही नाही!

"इतवारले खेड्यातले लोक येतात मास्तर, बाजार करून. नांदगाव खंडेश्वरची मोटर सहाले सुटते. एक रिळ कमी नाही केलं तं लोक मधातच उठतात. मंग कोणतं काढाचं? रडाचंच काढतो. दिवसभर उन्हात उभं राहून आल्यावर कोणाले रडाचं असते?"

"मला सांगितलं काहून नाही?"

"तुमी पुसलं कधी? तुमी तं लिवून राहिले होते, का बा दिग्दर्शकानं काय कमाल केली! मले वाटलं, मास्तर मजा करून राहिले." मग पान पुढे करून, "मी कोणाले सांगत नाही, फिकर करू नका."

शाळेला सुटी रविवारी. मी सात वर्षं रविवारच्या दुपारच्या खेळालाच जातो.

२० नोव्हेंबर

गावात कळलं तर? एवढ्या अधिकारानं लिहिणाऱ्या मास्तरनं एकही बोलपट पुरता पाहिलेला नाही!

खोटं मी लिहिलेलं नाही. पाहिलं तेच लिहिलं. – हे वाक्य तीनदा वाचलं. पटत नाही.

माझी बायको, अनसूया, गेली तेव्हा मी मोर्शीला परीक्षेच्या कामावर होतो. तार उशिरा मिळाली. घरी पोचलो तर अंगण सारवलेलं होतं. म्हणून ते दृश्य मला एवढं भिडलं. दिग्दर्शकाचं नव्हतंच ते. अर्धं माझं, अर्धं नांदगावच्या मोटरीचं!

७ डिसेंबर

लेर्मिन्ये यांना खरं काय ते लिहिलं. टाकलं नाही.

२१ जानेवारी १९४०

पॅरिसात हे चित्र कोणी पाहणार नाही. वऱ्हाडात ते पुस्तक कोणी वाचणार नाही. चूक कुठूनच उघडी पडायची नाही. – असा विचार करतो आहे मी! मुलांना कॉपी करताना पकडणारा तो मीच ना?

पण खरं सांगितलं की ते पान जाईल. मग त्यांनी मला पुन्हा पत्र का लिहावं?

३ मार्च

फादरांना ते न टाकलेलं पत्र दाखवलं. म्हणाले, "फ्रेंच ठीक आहे, मास्तर. तारीख मात्र डिसेंबरची आहे." आणि पत्र परत हातात दिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

१३ मे

लढाई फ्रान्सच्या दाराशी आली. पुस्तक छापखान्यात गेलं असेल का? आज पत्र टाकलं. टाकल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. भीतीच वाटली.

१६ जून

पॅरिस पडलं. वाचनालयात नकाशाभोवती गर्दी. त्यांचा पत्ता मला पाठ आहे. ती गल्ली कुठल्याच नकाशात नव्हती.

२७ ऑगस्ट

पत्र परत आलं. न उघडलेलं. वर शिक्का – तिकडची डाक बंद. ते कुठे आहेत, आहेत की नाहीत, ते पान छापलं की नाही, काहीच कळायचं नाही आता. पाच महिने खिशात ठेवून बसलो तो मी.

पॅरिसला पोचत नाही. मोरोपंतांचं कार्यालय घरापासून दहा मिनिटांवर आहे.

उद्या : या पत्राचं मराठी करून, माझ्या नावानिशी, साप्ताहिकात छापायला देणे.