आप्पांच्या गाडीचे चार प्लग

मुलुंड (पूर्व),
३ ऑगस्ट १९८६

चि. सहदेव यास रत्नाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं ठीक असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. आप्पांच्या दुसऱ्या डोळ्याचंही आता खरं नाही. साखरेने पडदा खाल्ला, दिवाळीपर्यंत जेमतेम दिसेल, असं डॉक्टर म्हणाले. औषधाबद्दल आप्पांनी एक अक्षर विचारलं नाही. एकच धरून बसलेत, नजर आहे तोवर ती गाडी एकदा स्वतः हायवेवर चालवायची.

मला त्या गाडीचा वीट आलाय रे. अंधेरीच्या स्टुडिओतून आप्पा रिटायर झाले तेव्हा तिथल्या निर्मात्याने शाल-नारळ द्यायचं सोडून हे जुनं जपानी धूड गळ्यात मारलं. जिन्याखाली उभं असतं. सीटमध्ये उंदीर व्यायलेत, चाकांवर अख्खी बिल्डिंग पान थुंकते, आणि परवा आत मेलेलं मांजर सापडलं. ते मीच काढलं. तुझ्या भावोजींना नुसत्या वासाने उलटी झाली.

नवी बॅटरी घातली, टाकी धुतली, तरी चालू होत नाही. आप्पा म्हणतात, प्लग गेले. पण या इंजिनात पिस्टनच नाही, एक तिकोनी काहीतरी गरगर फिरतं. त्याला चार प्लग लागतात, दोन वरचे, दोन खालचे, आणि तेही वेगळे. घाटकोपरपासून अंधेरीपर्यंत दुकानं पालथी घातली. जो तो काउंटरवरचा फियाटचा प्लग पुढे करतो आणि न बघताच सांगतो, बाई, हाच बसतो. या शहाण्यांचा तिटकारा आलाय मला. तुमच्याकडे अशा गाड्या आहेत म्हणे, तर बघून धाड.

उत्तराला आळस करू नकोस. आप्पांचे डोळे थांबायचे नाहीत.

तुझी,
रत्नाताई


बाहरीन,
१७ ऑगस्ट १९८६

ती. सौ. रत्नाताईस सहदेवचा शि. सा. न.

प्लग मिळाले. दुकानदाराने दोन जाती दाखवल्या. हळू चालवणार असाल तर गरम जातीचे घ्या, काजळी धरत नाहीत, म्हणाला. आता आप्पा हायवेला लागल्यावर हळू चालवतील यावर तुझा तरी विश्वास आहे का? म्हणून कंपनीने सांगितलेले, वेगात टिकणारे थंड जातीचेच घेतले. खालच्या दोघांना लाल दोरा बांधलाय, वरच्यांना हिरवा.

एक मात्र भावोजींना बजावून सांग. तिकडच्या साध्या प्लगची चूडी, म्हणजे आटे, या इंजिनात बसते, पण बसली म्हणून घालायचा नाही. त्याच्या टोकाला पुढे आलेली चिमटी असते. जोरात पळवलं की ती तापून तुटते आणि आत फिरणाऱ्या तिकोनाच्या कडा चिरते. मग इंजिन भंगारात.

घाटकोपरचा लवू रजेवर येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. सोबत साबण, सेंट आणि खजूर आहेत. साबण वापरायला काढ, ताई, वासासाठी कपाटात कोंबू नकोस.

आप्पांना साष्टांग नमस्कार. तुझी माया आहे तशी असू दे.

तुझा,
सहदेव


मुलुंड (पूर्व),
२३ सप्टेंबर १९८६

चि. सहदेव यास अनेक आशीर्वाद.

वाट लागली रे. तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं होतं. लवू पार्सल घेऊन आला तेव्हा मी दहिसरला वन्संकडे बारशाला गेले होते. पुढे मी आप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं त्या दुपारी ह्यांनी प्लग बसवले. गाडी चालू झाली. आप्पा लहान पोरासारखे हसले.

विसर्जनानंतरच्या रविवारी पहाटे दोघे हायवेला गेले. विक्रोळीच्या अलीकडे आप्पांनी वेग घेतला आणि आत काहीतरी खाडकन तुटलं. ढकलत आणली. हे म्हणाले, चाकाखाली दगड आला असेल. झालं. आप्पांनी मनात घेतलं की दगड होता, आपल्याला दिसला नाही. जावयाचा जीव घेतला असता, एवढंच बोलले.

तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून पडून असतात. चहाचा कपही हातात धरत नाहीत, मीच पाजते. सगळ्याची किळस आलीय, त्या गाडीची, शेजारच्या प्रेमाबाईंच्या हळहळीची, आणि खरं सांगू, तुझ्या त्या प्लगांचीही. नसते मिळाले तर बरं झालं असतं.

ख्यालीखुशाली कळव.

रत्नाताई


बाहरीन,
३ ऑक्टोबर १९८६

ती. ताईस शि. सा. न.

दगडाने इंजिन तुटत नाही. चाक फुटेल, पत्रा चेपेल. तू स्वतः जा, गाडीतला एक प्लग काढायला लाव आणि टोक बघ. चिमटी पुढे आलेली असली किंवा तुटलेली असली तर तो मी पाठवलेला नाही. भावोजींना विचार. राग मानू नकोस, पण आप्पांना तसंच पडू देऊ नकोस.

सहदेव


मुलुंड (पूर्व),
१६ ऑक्टोबर १९८६

चि. सहदेव यास आशीर्वाद.

प्लग काढावा लागला नाही. आपल्या शोकेसमध्ये फॉरेनची खोकी मांडतात ना, सेंट संपलं तरी बाटली, बिस्किटं संपली तरी डबा. तुझ्या प्लगांची चारही खोकी तिथे साबणांच्या शेजारी मांडलेली मी येता-जाता बघत होते. रिकामीच असणार असं धरून चालले. तुझं पत्र वाचून एक उचललं. जड लागलं. चारही उघडली. लाल दोरा, हिरवा दोरा, सगळं जागच्या जागी.

ह्यांना विचारलं. म्हणाले, इतक्या लांबून आलेली वस्तू म्हातारपणच्या एका फेरीसाठी कशाला वापरायची? सहदेव आला की त्याच्यासमोर घालू, तोवर कोपऱ्यावरच्या दुकानातले चालतील, चूडी तर बसत होती. आलेल्या-गेलेल्याला दाखवतही होते. मला शिसारी आली. प्लग घातले नाहीत त्याची नव्हे रे. हा माणूस गाडीत शेजारी बसला होता, रस्त्यात दगड नव्हता हे त्याला माहीत होतं. तरी माझा बाप भिंतीकडे तोंड करून पडलेला बघत हा रोज निवांत जेवत होता. त्या दिवसापासून ह्यांचं ताट मी वाढत नाही. हातच उचलत नाही.

ह्यांना समोर उभं करून आप्पांना सगळं सांगितलं. आप्पांनी एवढंच विचारलं, दगड नव्हता ना? मी नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, मग ह्यांना बोलायला लावलं. त्यावर आप्पा म्हणाले, म्हणजे तेव्हा मला नीट दिसत होतं.

मग उठून बसले आणि खुर्ची गॅलरीकडे फिरवायला सांगितली. फिरवली. समोरचा रस्ता दिसतो का, असं मी विचारलं. म्हणाले, उजेड दिसतो.

ये लवकर. लोभ ठेव, माझ्यावर तरी.

तुझी,
रत्नाताई