भोपळे आणि बारावा पाळणा

१२ जानेवारी १९८६, रविवार

"पोरीचे कान लोण्यासारखे मऊ आहेत, जड काही घालू नका हो." बुगडीसाठी वरचा कान टोचताना मालोजी सोनार आईला म्हणाला होता. मी तेव्हा पाच वर्षांची. आज अडतीस वर्षांनी ते वाक्य आठवलं, कारण दोन्ही कान लालबुंद झालेत.

भाऊजींनी दुबईहून वॉकमन आणलाय. यंत्र गोड आहे, तळहाताएवढं. पण त्याच्याबरोबरचे इअरफोन — डोक्यावरून पत्र्याची पट्टी, दोन टोकांना स्पंजच्या चकत्या. त्या नेमक्या माझ्या कुड्यांवर बसतात. अर्ध्या तासात फिरकी कानामागे रुतते. स्पंजही झडायला लागलाय, काळा चुरा खांद्यावर पडतो.

आणि मला रोज दोन-दोन तास ऐकायचंय. पुण्याहून प्रकाशकांचं, गंगाधरपंतांचं, पत्र आलंय. 'मार्चमध्ये पुस्तक काढू. साळूबाईंचे बाराही पाळणे टेपवरून पुन्हा ताडून पाहा. बारावा अगदी पहिल्या पानावर घेतो आहे. त्याच्यासाठीच तर हे पुस्तक.'

माझं पहिलं पुस्तक. त्रेचाळिसाव्या वर्षी.

१३ जानेवारी

कुड्या काढून ठेवल्या नि ऐकलं. थोडं बरं. हे कारखान्यातून आले आणि म्हणाले, "कान ओकेबोके दिसतायत. कुठे टाकल्यास कुड्या?" तीनदा विचारलं म्हणे. मी नुसती हसत होते.

१५ जानेवारी

खोलीतला टेपरेकॉर्डर वाजतो तेव्हा आवाज कोपऱ्यात असतो. वॉकमनचा आवाज कुठेच नसतो — माझ्याच कपाळामागे असतो. साळूबाई माझ्या आत बसून पाळणा म्हणतात. मी डोळे मिटते आणि नोव्हेंबरातलं त्यांचं अंगण येतं. पोलादपूरच्या वरची वाडी, नुकतं सारवलेलं खळं, भाताच्या पेंढ्याचा कोरडा वास. साळूबाई पाय पसरून बसलेल्या. सून मंजुळा सुपात वाल निवडत होती.

यंत्राकडे बोट करून साळूबाई म्हणाल्या होत्या, "बाय, त्या डब्यात मी किती दिस ऱ्हायची?"

"कायमच्या," मी म्हटलं.

"मंग भाकरी घालशील ना येळंवर?"

प्रत्येक पाळण्यानंतर तोच एक प्रश्न विचारायचा, असा मी नेम ठरवला होता. छापायची परवानगी आहे ना? उत्तर त्यांच्याच आवाजात टेपवर राहावं म्हणून. त्या म्हणायच्या, "हाय." अकराव्यांदा वैतागल्या. "हाय म्हंते ना! किती येळा इचारशील गो? लगीन लावत्येस का माझं?" मंजुळा सूप सोडून हसत बसली.

१९ जानेवारी, रविवार

एस.टी. स्टँडसमोर कुशाबाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्याने काउंटरवर दोन प्रकार मांडले. एक अगदी चिमुकले, कानाच्या भोकात बसवायचे. दुसरे एका बोटीवरच्या माणसाने विकून टाकलेले — दोन मोठ्या वाट्या, आख्खा कान आत जाईल एवढ्या.

"वैनी, ह्या बिया आणि हे भोपळे."

भोपळे मी तिथेच डोक्याला लावून पाहिले. कुशाबाने दोन पावलं मागे जाऊन नीट बघितलं. "असंच बाजारातनं गेलात तर लोक म्हणतील, महाडात इमान उतरलं."

शेवटी म्हणाला, "दोन्ही घरी न्या. कानाला इचारा. तो काय सांगेल ते ठेवा."

२१ जानेवारी

बिया नकोत. मान वळवली की गळून पडतात. दाबून बसवल्या तर कानाच्या आत ठणका लागतो. आवाजही बारीक, नळीतून आल्यासारखा.

२२ जानेवारी

भोपळ्यांची पिन वॉकमनच्या भोकात जात नाही. ती बोटीवरच्या कुठल्याशा मोठ्या यंत्राची. पुन्हा कुशाबा.

२६ जानेवारी, रविवार

पिन बदलून मिळाली. वाट्यांवरचं रेक्झिन कानाला चिकटत होतं, घाम येत होता. म्हणून आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा काढला, धुऊन धुऊन साय झालेला. दोन गोल कापले, दोऱ्याने आवळून वाट्यांवर बसवले.

लावले — आणि घर नाहीसं झालं. कुकर नाही, कावळे नाहीत, शेजारचा रेडिओ नाही. कुड्या घातलेल्याच होत्या. त्या पोकळीत आरामात बसल्या, कुठे रुतणं नाही. जड आहेत हे खरं. पण तो भार डोक्यावर आहे, कानावर नाही. आंघोळीनंतर आई पदराने माझे कान धरायची, तसं काहीतरी.

मग ऐकू आलं ते आजवर कधी ऐकलंच नव्हतं. पाळण्याच्या मागे कुणाच्या तरी गाईची घंटा. मंजुळाच्या बांगड्या. सुपात वाल घरंगळतात तो आवाज. कडवं सुरू करण्याआधी साळूबाई घेतात तो श्वास. आणि सगळ्यात खाली एक मऊ थाप, लयीत. किती तरी वेळ कळेना ती कसली. साळूबाई गाताना स्वतःच्या मांडीवर थोपटत होत्या. मूल असल्यासारखं.

दुपारभर तशीच बसून होते. कधी ऐकत होते, कधी नव्हते, सांगता येत नाही. उन्हाचा पट्टा जमिनीवरून भिंतीवर चढला तेव्हा टेप कधीचीच संपली होती.

भोपळे ठेवणार.

३० जानेवारी

अकरा पाळणे ताडून झाले. चार ठिकाणी माझं ऐकणं चुकलं होतं. 'निजली' नव्हे 'थिजली'. 'वारा' नव्हे 'वाडा'. साध्या टेपरेकॉर्डरवर हे कळलंच नसतं. उद्या बारावा.

३१ जानेवारी

बारावा.

त्याच्या आधी साळूबाई टेपवर म्हणतात, "ह्यो कुणाकडनं घेतलेला नाय. ह्यो मीच जोडला, माझ्या चिमीसाठी." चिमी तीन महिन्यांची होऊन गेली, हे मंजुळाने नंतर मला एस.टी.ची वाट बघताना सांगितलं होतं.

शब्द सगळे बरोबर निघाले. एकही चूक नाही. शेवटी माझा प्रश्न. परवानगी आहे ना?

आणि उत्तर.

मी टेप मागे घेतली. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे घेतली. त्या दिवशी हा प्रश्न विचारताना माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. कॅसेट संपत आली की काय म्हणून मी वाकून यंत्राच्या खिडकीत बघत होते. घरी आल्यावर टेपरेकॉर्डरच्या फाटक्या आवाजात नुसतं 'आय' ऐकू आलं. पहिलं अक्षर मीच लावलं. अकरा वेळा 'हाय' म्हणाल्या, तर बाराव्यांदा दुसरं काय म्हणतील! वहीत 'हाय' लिहून पुढे बरोबरची खूण केली.

'हाय' नाही. 'नाय' आहे.

हे आले तशी भोपळे ह्यांच्या कानांवर ठेवले. ह्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले.

"नाय म्हणतायत."

"नक्की?"

"विनू, तुला ऐकू आलंय. मला कशाला विचारतेस?"

१ फेब्रुवारी

सकाळपासून एकच विचार. कुणाला कळणार आहे? गंगाधरपंतांना नाही. साळूबाईंना वाचता येत नाही. मंजुळाने पुस्तक पाहिलं तर आनंदच होईल तिला. आणि हा पाळणा पुस्तकात नसला तर पंत पुस्तक काढतील असं वाटत नाही. त्यांनी तर स्पष्टच लिहिलंय, त्याच्यासाठीच हे पुस्तक.

भांडी घासली. गहू निवडले. निवडलेले पुन्हा निवडले.

मग आठवलं, त्या 'नाय'वर मी म्हटलं होतं, "छान झालं हं. दमलात ना?" तेही टेपवर आहे. माझा आवाज किती खूश आहे त्यात. ऐकवत नाही.

संध्याकाळी पत्र लिहून पेटीत टाकलं. 'बारावा पाळणा काढून टाकावा. चूक माझी आहे. पुस्तक मग झालं नाही तरी चालेल.' चालेल, असं लिहिलं खरं.

३ फेब्रुवारी, सोमवार

वहीतली बाराव्या पाळण्याची चार पानं कापून पाकिटात घातली आहेत. ती साळूबाईंना परत देणार. वॉकमन, भोपळे आणि टेपरेकॉर्डरही पिशवीत आहे. पुसा म्हणाल्या तर टेपवरचा तो पाळणा तिथेच पुसायचा, त्यांच्यासमोर. तसंच होईल, मला माहीत आहे. आपलं आहे ते दुसऱ्याच्या डब्यात का ठेवतील त्या?

दुपारच्या एस.टी.ने निघते. वाडी चढून जायचं, माझं काय चुकलं ते आधी सांगायचं, आणि मग विचारायचं — साळूबाई, पुसण्याआधी एकदा, मला नाही, तुम्हालाच ऐकवू का? हे भोपळे तुमच्या कानांवर ठेवू द्याल?