ड्रमच्या कुलपाची चावी

मंगलच्या आईस,

तुझ्या नावाआधी सौ. लिहावं की कै., हे ठरेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. तू गेल्यापासून तुला कधी पत्र लिहिलं नव्हतं. आज लिहितोय, कारण काल मंगलनं मला एक गोष्ट सांगितली. खरी की खोटी, ते तूच जाणतेस.

पोरगी इथं वेल्समध्ये दवाखान्यात नर्स आहे. तिच्याकडे महिनाभरासाठी आलोय. ती मला न्यायला आली होती. निघताना विमानतळावर माझ्या कमरेपाशी यंत्र वाजलं. करदोड्याला आपल्या पाण्याच्या ड्रमची चावी होती. शिपायानं ती उलटून पालटून पाहिली. "बापू, तो ड्रम भंगारात जाऊन किती वरसं झाली," मंगल म्हणाली. मी चावी परत करदोड्याला बांधली. तुला आठवते ना ती चावी?

काल तिनं मला धबधबे बघायला एका लहानशा गावी नेलं. गावाचं नाव मला म्हणता येत नाही. दगडी घरं, मधून नदी, काठानं पायवाटा. चालत राहिलं की एकापुढं एक धबधबे. आपण कपिलधारला गेलो होतो तेव्हा धार दोऱ्याएवढी होती, आणि तू तिच्याखाली ओंजळ धरून किती वेळ उभी होतीस. इथं एवढं पाणी कोसळतं आणि एक माणूस राखणीला नाही. मला ते काही पटेना.

"हे कोणत्या संस्थेचं? पाळ्या कोण लावतंय?" मी विचारलं. मंगल नुसती हसली.

वाटेत एका घराच्या कुंपणावर पाण्याचा जग, चार पेले, खाली कुत्र्यांसाठी वाडगं. वर पाटी. मंगलनं वाचून सांगितलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आहे. खिडकीतून एक म्हातारी आमच्याकडे बघत होती.

"पिऊ नको," मी म्हणालो. "काय मिसळलंय कुणाला ठावं? आन् ती बाई काहून बघतीय?"

"तुमीच कवाचे तिच्याकडं बघताय," असं म्हणून मंगल घटाघटा प्याली. मग कुंपणाला टेकून म्हणाली, "बापू, आपल्या ड्रममधलं पाणी आई रखमाकाकूला द्यायची."

मंगल लहान असताना पडलेल्या त्या दुष्काळात गावच्या पाणी संस्थेचा राखणदार मीच होतो. टँकर विहिरीत रिकामा व्हायचा आणि पाणी फक्त सभासदांना मिळायचं. आपल्या ड्रमला मी कुलूप घातलं. सकाळी दिवसाचं पाणी मीच काढून द्यायचो आणि उरलेल्या पाण्याशी खिळ्यानं खूण ओढायचो. तरी संध्याकाळी पाणी खुणेच्या खाली. मला वाटलं, तू तुझ्या भावाकडे पोचवतेस. मग विहिरीवर, सगळ्या बायका रांगेत असताना, मी म्हणालो, "चोर माझ्या घरातच हाय." तू घागर उचललीस आणि घरी गेलीस. एक शब्द बोलली नाहीस. मी समजलो, चोरी पकडली.

मंगल सांगते, शेजारची रखमा तेव्हा बाळंतीण होती आणि तिचा नवरा सभासद नव्हता. दुपारी माझा डोळा लागला की तू पोरीला माझ्या कमरेची चावी काढायला लावायचीस. दोन तांबे पाणी, बाळाच्या अंघोळीपुरतं.

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"आई म्हणायची, त्यांना सांगितलं तर संस्थेत खोटं बोलावं लागंल. त्यांना ते जमायचं न्हाई."

एवढं ओळखत होतीस, तर त्या दिवशी तिथंच का बोलली नाहीस? की मी ऐकलंच नसतं? पोरगीही इतकी वर्षं गप्प राहिली आणि आताच सांगते. माझं वय बघून सांगितलं असेल का, हाही संशय येतोच.

मी पेला उचलला, आधी वास घेतला, मग प्यालो. लई गार. दात ठणकले. म्हातारीनं आतून हात हलवला. मीही हलवला.

चावी करदोड्यालाच राहील. तिनं तूही कुलूप उघडायचीस, हे मला काल कळलं.

गावी आलो की त्याच विहिरीवर, बायका पाण्याला आल्या असताना, सांगीन की माझ्या घरात चोर नव्हता, मीच खोटं बोललो. रखमाला आधी विचारीन. ती नको म्हणाली तर तिचं नाव घेणार नाही. आणि दारात रांजण ठेवीन, बिनकुलपाचा. तांब्याला साखळी लावावी, असं अजून मनात येतं. लावणार नाही. गेला तर दुसरा ठेवीन.

मंगलचे बापू