कांदाचाळीपाशी जे उतरलं

चांदवड

चि. सौ. कुसाबाईस थोरल्या भावाचे आशीर्वाद.

त्या संध्याकाळी आपण दोघं चाळीतले सडके कांदे निवडत होतो, तेव्हा ते आभाळातून आवाज न करता बांधावर उतरलं. त्यातून जो बाहेर आला, त्यानं एक कांदा उचलला, हुंगला आणि हळूच खाली ठेवला. तू माझा दंड घट्ट धरला होतास. पुढं मी हे मोबाईलवर व्हिडिओ काढणाऱ्या एका पोराला सांगून बसलो. तुझं नाव घेतलं नाही. आता तो व्हिडिओ तालुकाभर फिरतोय. पारावर विचारतात, "तात्या, कांद्याला भाव काय दिला त्यांनी?"

तेही चाललं असतं गं. पण आमच्या सोमनाथच्या निकिताची सोयरीक अडली आहे. ओझरचे पाहुणे रविवारी यायचेत, आणि म्हाताऱ्याच्या डोक्यात फरक आहे का, असं त्यांनी आधीच विचारलंय. सोमनाथ म्हणतो, "बाबा, मस्करी केली म्हणा ना. लेकाचं एवढं ऐका."

मला झोप नाही. खरंच पाहिलं का, असं आता मलाच वाटतं. तू येऊन 'मीही पाहिलं' म्हणावंस, म्हणून लिहायला बसलो. पण लोक म्हणतील, भाऊ तसा, बहीण तशी, म्हणजे वेड रक्तातच आहे. मग निकिताचं मोडेल आणि तुझ्या नातीचं, वैष्णवीचंही. मी एकटा खोटारडा ठरलो तर दोघी सुटतील.

म्हणून हे पत्र टाकत नाही. तात्यानं मस्करी केली होती, हे तुझ्याही कानावर येईल. कुसा, तू तरी त्यावर विश्वास ठेवू नकोस.

तुझा भाऊ,
वाल्मीक