सतरंजीवरून उठायचं नाही

हापूड, ९ नोव्हेंबर २०२४

ती. विश्वासमामास,
तनयाचा सा. न. वि. वि.

फोनवर मी हिंदीत घसरते म्हणून महिन्याला एक मराठी पत्र लिहायची शिक्षा तू ठोठावलीस, ती इमानदारीत भोगते आहे. खोली बरी आहे. घरमालकीण सकाळी पराठे देते. आईसाठी इथले पापड घेऊन ठेवलेत. खुशाली संपली. मला या नोकरीची किळस यायला लागली आहे.

तू आमच्या सक्षमा फायनान्सचा सल्लागार, पण गावातली मीटिंग तू कधी बघितली नाहीस, म्हणून लिहिते. दहा बायकांच्या गटाला कर्ज, तारण काही नाही, दहाजणी एकमेकींना जामीन. दर बुधवारी सतरंजी टाकायची, हात पुढे करून ‘साथ बैठेंगे, साथ उठेंगे’ अशी शपथ म्हणायची आणि दहाही हप्ते जमेपर्यंत कोणी उठायचं नाही. शपथेच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर तुझा फोटो आहे. टाय घातलेला.

या बुधवारी कमलेशकडे हप्ता नव्हता. ही बाई पिलखुव्याच्या व्यापाऱ्यांना उशांचे अभ्रे शिवून देते. शिलाई मशीन आमच्याच कर्जातून घेतलेलं. नवऱ्याला डेंगू झाला, पैसे दवाखान्यात गेले. सकाळी दहाला बसलेल्या बायका तीन वाजले तरी तिथेच. एकीचं तान्हं घरी रडत होतं, आवाज सतरंजीपर्यंत येत होता. आमचा वसुलीवाला बृजेश सर मोबाईलवर क्रिकेट बघत होता. शेवटी त्याने दोघींना काहीतरी इंतजाम करून यायला सोडलं. त्यातली एक कमलेशची सख्खी जाऊ. दोघींनी तिचं मशीन हातगाडीवर घातलं आणि बाजारात विकून आल्या. बृजेशने रजिस्टरात वसुली शंभर टक्के लिहिली आणि मला शिकवलं की आपण कशालाही हात लावला नाही, हे लक्षात ठेव.

मीटिंग संपली की टाळ्या वाजवायची पद्धत आहे. कमलेशने वाजवल्या. मामा, मीही वाजवल्या.

मामीला नमस्कार. रागावू नकोस, पण मला उत्तर हवं आहे.

तुझी,
तनया


गाझियाबाद, १६ नोव्हेंबर

चि. तनयास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. मराठी सुधारते आहे, स्वभाव आहे तिथेच आहे. टायबद्दलचा टोमणा कळला.

कमलेशचं ऐकून वाईट वाटलं. शाखेच्या मॅनेजरशी बोलतो. पण एका बुधवारावरून साऱ्या कामाला नाक मुरडू नकोस. ज्या बायकांना बँक दारात उभं करत नाही, त्यांना तारणाशिवाय पैसे मिळतात, ते या शिस्तीमुळे. आणि ही शिस्त मी कुठल्या पुस्तकातून आणलेली नाही. दिल्लीत पहाडगंजच्या घरी महिन्याच्या पहिल्या शनिवारी तुझ्या आजीची भिशी असे. मी नुकता मंत्रालयात लागलो होतो. दुपारी घरी यावं तर आतल्या खोलीत बारा बायका, आणि मी बाहेर चहाची वाट बघत. शेवटची बाई येऊन डबा फिरून होईपर्यंत एक उठत नसे. बावीस वर्षांत एक पैसा बुडाला नाही. ते बघितलेलं मी दोन ओळींत लिहून दिलं. बृजेश कच्चा असेल, नियम कच्चा नाही.

थंडी पडते आहे, स्वेटर घाल. माया आहे ती तशीच ठेव.

तुझा,
विश्वासमामा


गाझियाबाद, १८ नोव्हेंबर

चि. तनयाला,
वीणामामीचे आशीर्वाद.

मामाने पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं. मी त्याच्यासमोरच पत्र वाचलं आणि हे दुसरं त्यात घालते आहे.

त्या भिशीत आतल्या खोलीत मी होते, नवी सून. तुझा मामा बाहेर होता. भिशीचा डबा रुमालाने झाकलेला असे. प्रत्येकीने रुमालाखाली हात घालायचा. पैसे आहेत तिने टाकायचे, नाहीत तिने नुसता हात घालून काढायचा. कोण रिकाम्या हाताने आली हे कोणाला कळू नये म्हणून सगळ्या बसून राहायच्या, चहा प्यायच्या आणि एकदमच निघायच्या. मोजणी मागाहून तुझी आजी एकटी करायची. कमी भरले तर पुढच्या महिन्यात ज्यांना जमेल त्या जास्त टाकायच्या. माझ्या बाळंतपणाच्या वर्षी तीन महिने मी रिकामा हात घातला, हे ह्या घरात आजतागायत कोणाला माहीत नव्हतं.

हे मी काल नाश्त्याला त्याला सांगितलं. पोह्यांची बशी त्याने बाजूला सारली. हे मला तेव्हा कोणी सांगितलं का नाही, असं विचारू लागला. मी म्हटलं, कोणाला कळू नये म्हणूनच तर सगळं होतं. तरी त्याने आपलं पत्र बदललं नाही. मानी माणूस आहे. पण कालपासून नीट जेवलेला नाही आणि कमलेशचं मशीन कुठल्या दुकानात गेलं ते तुला विचारायला सांगतो आहे.

जिवाला जप.

तुझी मामी


पलवल, ३ डिसेंबर

ती. मामा आणि मामीस,
सा. न. वि. वि.

पत्ता बघून कळलंच असेल. मी तक्रार लिहून दिली आणि आठवड्यात माझी बदली झाली. कागदावर लिहिलंय, प्रोत्साहनपर. घाण वाटते मला या शब्दाची.

मशीन हापूडच्या बसस्टँडमागे जुन्या सामानाच्या दुकानात आहे. अकरा तारखेच्या बुधवारी गटाची मीटिंग आहे. मामा, तू जा. नियम तुझा आहे. तो चुकला असं तू स्वतः सांगितलंस तर बायका उठतील. माझं तिथे कोण ऐकणार?

वाट बघते.

तुमची,
तनया


गाझियाबाद, १४ डिसेंबर

चि. तनयास,
आशीर्वाद. आज ते देतानाही संकोच वाटतो आहे.

बुधवारी गेलो. आधी दुकानातून मशीन सोडवलं, टॅक्सीच्या डिकीत घातलं आणि दहाच्या आत गावात पोचलो. पुस्तिकेवरच्या फोटोमुळे बायकांनी मला लांबूनच ओळखलं. बृजेशने खुर्ची मागवली. ती नाकारून मी सतरंजीवर त्यांच्यात बसलो. मला वाटलं, चांगलं केलं.

उघड्या डिकीतलं मशीन त्यांना दिसत होतं. कमलेशने ते ओळखलं. त्यांना वाटलं, साहेब दारोदार वसुली करत आलेत आणि आज आपला नंबर आहे. मी हिंदीत सांगितलं की नियम चुकीचा होता, माफी मागतो, सगळ्याजणी उठा, घरी जा. एकही उठली नाही. मी दुसऱ्यांदा सांगितलं, आवाज चढवून, तेव्हा त्या आणखी घट्ट बसल्या. ही परीक्षा आहे, उठलेल्या बाईचं पुढचं कर्ज बंद होईल, असं त्यांच्यात कुजबुजत पसरलं. जिचा हप्ता कमी होता तिच्यासाठी दुसऱ्या पदराच्या गाठी सोडून पैसे काढू लागल्या. कमलेशने आपल्या मुलीच्या पायातले पैंजण काढून माझ्यापुढे ठेवले. पोरगी सहा वर्षांची असेल. माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होती, कोणीतरी शिकवलेल्या.

पैंजण मी परत मुलीच्या हातात कोंबले आणि कमी पडलेला हप्ता माझ्या खिशातून भरला. बृजेशने तो गटाकडून वसूल म्हणून लिहिला. मग मशीन उतरवून कमलेशला दिलं. हे तुझं आहे, घरी ने, म्हटलं. ती पाया पडली आणि तिने विचारलं की याचा पहिला हप्ता कधीपासून. मी म्हटलं, हप्ता नाही. तिने मान डोलावली. माझ्यावर विश्वास बसला नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

तनया, चाळीस वर्षं फायलींवर सह्या केल्या, पण स्वतःची एवढी शिसारी कधी आली नव्हती. तुझ्या आजीने एका बाईची लाज झाकायला जे केलं, त्यानेच मी तिची लाज दर बुधवारी चव्हाट्यावर आणली. वर पुस्तिकेसाठी फोटो काढून घेतला.

गुरुवारी राजीनामा पाठवला. काल संचालकांचा फोन आला. राजीनाम्याचा त्यांनी विषयच काढला नाही. त्या गटाची वसुली पंचवीस मिनिटांत झाली, शाखा सुरू झाल्यापासून एवढी लवकर कधी झाली नव्हती, असं सांगून त्यांनी अभिनंदन केलं. दर बुधवारी एका गावात मी जावं, अशी त्यांची विनंती आहे. मी त्यांना काय बोललो ते तुझी मामी कागदावर लिहू देत नाही. पण पुस्तिका छापून झाल्या आहेत, फोटो राहणार. आणि ते शेवटपर्यंत तेच सांगत राहिले, की गाडी ते पाठवतील, बोलायचीही गरज नाही, मी फक्त बसायचं.

जमलं तर या म्हाताऱ्याला पदरात घे.

विश्वासमामा